दानियलभाऊंची मोजणी

दानियलभाऊ मापगावकर माणसं मोजत नसत. बोल्ट मोजत, ड्रिलची पाती मोजत, ताटातल्या पोळ्यासुद्धा मोजत. पण माणसं नाही.

भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांनी एकतीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली होती. तिथे केसाएवढा फरक निघाला तर ते पोराला डबा उघडू देत नसत, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगतात. पण घरी चार माणसं जमली की त्यांचं बोट वर जायचं नाही. माणसाला आकडा लावू नये, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. आम्हा ज्यू लोकांत ही जुनी रीत आहे. आता अडचण अशी, की सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि ते जमले की नाही हे न मोजता कळणार कसं? त्यावर तोड म्हणून दहा शब्दांची एक हिब्रू ओळ आहे. एकेकाच्या तोंडाकडे बघायचं आणि एकेक शब्द म्हणायचा. ओळ संपली की माणसं पुरी. शब्द उरला तर कोणीतरी सायकल काढायची आणि जो झोपला असेल त्याला उठवून आणायचं. बहुतेक वेळा तो मी असायचो. उठवला जाणारा.

चंद्रपूर जिल्ह्यात ज्यू म्हटलं की माणूस आधी "म्हंजे कोन जी?" असं विचारतो. आम्ही कोकणातले बेने इस्राएल. अलिबागकडे आमचे पणजे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणायचे. पुढे नोकऱ्यांमागे कोण कुठे गेलं त्याला धरबंध राहिला नाही. आमची सात घरं अशीच इकडे आली. तीन भद्रावतीच्या फॅक्टरीत, दोन बल्लारशाला रेल्वेत, एक चंद्रपुरात, एक गडचिरोलीला पाटबंधारे खात्यात. लहानथोर मिळून वीस माणसं. माझं नाव नाथानेल. शाळेत गुरुजींनी पहिल्याच दिवशी ते छाटून नाथा केलं, आणि झालं ते बरंच झालं.

वीस माणसांसाठी सिनेगॉग कोण बांधणार? दानियलभाऊंच्या क्वार्टरची पुढची खोली हेच आमचं सिनेगॉग. पण नुसत्या प्रार्थनेला बल्लारशाची माणसं येत नाहीत, हे दानियलभाऊंच्या लवकरच ध्यानात आलं. म्हणून अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी मंडळ काढलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुस्तक, तिसऱ्या रविवारी सिनेमा, आणि तीन महिन्यांतून एकदा सहल. प्रार्थना आधी, बाकीचं मग. सिनेमा बघायचा असेल त्याला आधी प्रार्थनेला उभं राहावं लागे. बल्लारशाचे इजिकेलभाऊ, रेल्वेतले गार्ड, चारचौघांत सांगायचे, "मी देवासाठी येतो म्हनून समजू नका. देव बल्लारशालेही हाय. व्हीसीआर नाई."

सिनेमा दानियलभाऊ अर्ध्यात थांबवायचे आणि विचारायचे, "आता सांगा, ह्या मानसानं पुढं काय करावं?" तासभर भांडण व्हायचं. तोवर वीज जायची. अशा कितीतरी सिनेमांचा शेवट आम्हाला अजून माहीत नाही.

पुस्तकाची तऱ्हा त्याहून वेगळी. सात घरं आणि पुस्तक एक. मग वाचायचं कसं? दानियलभाऊंनी मशीन शॉपचं डोकं लावलं. पुस्तक आणलं की ते स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढायचे. मग पट्टी ठेवून, पात्याने शिवण उसवून त्याचे सहा तुकडे करायचे. प्रत्येकाला खाकी पुठ्ठा लावून वर भाग एक, भाग दोन असा शिक्का. सहा भाग सहा घरांत, आठवड्याला फिरवाफिरवी. त्यामुळे कोणाची गोष्ट भाग तीनपासून सुरू व्हायची, तर कोणाला खून आधी कळायचा आणि ओळख मागाहून. इजिकेलभाऊ तर कायम भाग चारच वाचायचे आणि त्यावर संपूर्ण कादंबरीचं मत द्यायचे.

"नायक पयलेपासूनच खोटा होता," ते म्हणायचे.

"तुम्ही पयलं वाचलं काय जी?"

"काऊन वाचाचं? चौथ्यातच दिसून राह्यलं न."

या सगळ्याला एकच माणूस उघड नावं ठेवायचा. चंद्रपूरच्या रिफ्काबाई सोगावकर. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, चष्म्याला काळी दोरी. जन्म पनवेलचा, म्हणून इतकी वर्षं इथे काढूनही त्यांच्या तोंडी कधी 'मले' आलं नाही. पुस्तकाचे तुकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा खोलीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दानियल, तुम्ही पुस्तकांचे खाटीक आहात."

दानियलभाऊ त्यांच्याहून वर्षभरानेच लहान असतील, पण बाईंसमोर त्यांचा आवाज शाळकरी व्हायचा. "बाई, कापलं नाई जी. उसवलं."

"प्रेताला फरक पडत नाही."

तरी बाई दर पहिल्या रविवारी एसटीने भद्रावतीला यायच्या. सिनेमाला मात्र कधी आल्या नाहीत.

सत्त्याण्णव साल संपत आलं आणि मंडळावर वेळ आली. फेब्रुवारीअखेर दानियलभाऊ निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार होतं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा अवनेर ठाण्याला, त्याने बापासाठी खोली रिकामी करून ठेवली होती, खिडकीला पडदेसुद्धा लावले होते. दर फोनला तो विचारायचा, "पप्पा, सामान बांधलंत?" आणि दानियलभाऊ सांगायचे, "पाहू."

मला त्यांनी खरं सांगितलं. "नाथा, मंडळ राह्यलं तर मी इथी राह्यतो. दोन खोल्या भाड्यानं घेईन, मले काय लागते? पन मंडळच नाई, तं इथी बसून काय करू? ठाण्याले जाऊन पडदे पाहीन."

मंडळाला जागा हवी होती, वीस माणसं बसतील अशी. बाकीच्यांची क्वार्टरं काडेपेटीसारखी. स्वतःचं घर, त्यात मोठा हॉल, अशी व्यक्ती आमच्यात एकच. चंद्रपुरात तुकूम भागात नवऱ्याने बांधलेल्या घरात एकट्या राहणाऱ्या रिफ्काबाई.

दानियलभाऊंनी डिसेंबरात विचारून पाहिलं होतं. बाई म्हणाल्या, "प्रार्थनेला नाही म्हणता येत नाही. पण माझ्या घरात पुस्तकं फाडली जाणार नाहीत, आणि टीव्हीपुढे टाळ्या पिटल्या जाणार नाहीत. विचार करून सांगते." बाईंचं 'विचार करून सांगते' म्हणजे नापासाचा निकाल, हे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनी मला सांगितलं होतं.

तेव्हा जानेवारीतली सहल ही बाईंना खूश करण्यासाठी ठरली. कुठे जायचं ते बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, आसोलामेंढ्याचा तलाव. गाडी खुर्शीदभाईंची मिनीबस. खुर्शीदभाई भद्रावतीचेच, आमच्या सगळ्या सहली त्यांनीच केलेल्या. बाईंसाठी पहिली खिडकी राखून ठेवली. डब्यांत नारळाच्या दुधातली भाजी, कारण बाईंना ती आवडते. आणि दानियलभाऊंनी सगळ्यात मोठी लाच पुठ्ठ्यात बांधून आणली होती. त्या वेळचं पुस्तक म्हणजे एका गलबताच्या तांडेलावरची जाडजूड कादंबरी. फिरवाफिरवीच्या घोळात बाईंना पाच भाग मिळाले होते, सहावा तीन महिने गडचिरोलीला अडकला होता. तो भाग सहा दानियलभाऊंनी सकाळी गाडीत बाईंच्या हातात दिला.

बाई फक्त "हं" म्हणाल्या. पण पिशवीतून पेन्सिल काढली. दानियलभाऊंनी मला कोपर मारलं.

गाडी सुटताना त्यांनी मोजणी केली. वीस माणसं, म्हणून ओळ दोनदा. सीटच्या पाठीवर हात ठेवत, पुटपुटत ते मागपर्यंत गेले. ओळ दुसऱ्यांदा संपली तिथे मी बसलो होतो. माझा शब्द बहुतेक वेळा शेवटचाच.

तलावावर दिवस चांगला गेला. प्रार्थना झाली, मग गोड केलेल्या पोह्यांचा मलिदा, वर खोबरं आणि पाच फळं. जेवणं झाली. इजिकेलभाऊंनी तांडेल कसा पहिल्यापासून खोटा होता ते समजावून सांगितलं. पोरांनी पाण्यात दगड टाकले. साडेतीनला खुर्शीदभाईंनी हॉर्न वाजवला. "चलो भाई, मूल गावाच्या पुढं उजेड पायजे. आगे रोड का काम चालू है."

सगळे गाडीत चढले. दानियलभाऊंनी दारातून मोजणी सुरू केली. ऊन तोंडावर होतं, म्हणून डोळे अर्धे मिटलेले. एकेक पाठ, एकेक शब्द. ओळ एकदा संपली, दुसऱ्यांदा संपली. शेवटचा शब्द मागच्या सीटवरच्या, घोंगडी पांघरलेल्या माणसावर पडला.

"पुरे," ते म्हणाले. गाडी निघाली.

मी पुढे गिअरच्या शेजारी इंजिनावर बसलो होतो. बाईंची खिडकी रिकामी होती, पण तिथे पोरांनी डबे ठेवले होते. बाई मागे सावलीत बसल्या असतील, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला काहीच वाटलं नाही. पोट भरलं होतं.

मूलला चहाला थांबलो. खुर्शीदभाईंनी एकवीस चहा सांगितले, वीस आमचे आणि एक त्यांचा. तेवढ्यात मागच्या सीटवरचा घोंगडीवाला खाली उतरला, खुर्शीदभाईंना हात जोडून म्हणाला, "येतो जी. लय उपकार झाले," आणि बाजाराकडे चालू लागला.

"हा कोन?" दानियलभाऊंनी विचारलं.

"पोचू. वही तलाव के पास का. सासरा बीमार है उसका, मूलला यायचं होतं. मी म्हटलं, बैठ जा पीछे."

दानियलभाऊ टपरीच्या फळीकडे पाहत राहिले. फळीवर एक चहा उरला होता.

"कोनाचा राह्यला गा हा?" इजिकेलभाऊ म्हणाले. सगळ्यांच्या हातात ग्लास होते. मग एकेकाने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या आईनेच शेवटी तोंड उघडलं. "अगो बाई. रिफ्काबाई कुठी हाय?"

त्या चहावर साय धरेपर्यंत कोणी हललं नाही.

तलावाकडे परत जातानाच्या पाऊण तासात गाडीत एवढी शांतता होती, की प्रार्थनेतसुद्धा कधी नसते. इजिकेलभाऊ हळूच म्हणाले, "दानियल, पडदे कोनत्या रंगाचे हायत रे?" त्यांना कोणी हसलं नाही. दानियलभाऊ दारापाशी उभेच होते. मध्ये एकदा मला म्हणाले, "नाथा, मी प्रत्येक शब्द म्हटला न?"

"म्हटला भाऊ."

"मग तोंड काऊन नाई पाह्यलं?"

मी खुर्शीदभाईंना गाडी जरा दामटायला सांगितली.

तलावाच्या बांधाखाली पाचसहा घरं आहेत. पहिल्याच अंगणात बाई दिसल्या. खाटेवर ताठ बसलेल्या, भाग सहा मांडीवर मिटलेला. खाली जमिनीवर पोचूची बायको सोमारी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. बाईंच्या पुढ्यातही उकडलेल्या शेंगांची ताटली होती, आणि सालींचा ढीग पाहता बाईंचं जेवण दुसऱ्यांदा झालेलं दिसत होतं.

सोमारीने आम्हा सगळ्यांना एका नजरेत घेतलं. "आले काय? ह्या बाईले सोडून गेले होते काय जी तुमी? म्हातारं मानूस, असं करतेत काय?"

दानियलभाऊ अंगणाच्या कडेला थांबले. चप्पल काढली, पुन्हा घातली. "बाई, चुकलं."

बाईंनी चष्मा दोरीवर सोडला. "मी त्या आंब्याखाली वाचत होते. हॉर्न ऐकला. म्हटलं, एक पान राहिलंय, माणसं काही मला सोडून जाणार नाहीत. निघताना तुम्ही मोजलं नाहीत?"

"मोजलं जी."

"पुरी भरली?"

"भरली."

"माझ्याशिवाय?"

दानियलभाऊंनी मान खाली घातली. बाईंना ती ओळ पाठ होती, त्यांच्या वडिलांचीही हीच रीत. त्या म्हणाल्या, "माझा शब्द कोणाला दिलात?"

"पोचूले."

"आमच्या पोचूले?" सोमारीने शेंग सोलणं थांबवलं. "त्याले काय देलं?"

"एक शब्द देला," दानियलभाऊ म्हणाले.

"मग घरी आल्यावर पाह्यते," सोमारी म्हणाली आणि पुन्हा सोलू लागली.

बाई हसल्या नाहीत. पण खाटेवरून उठल्याही नाहीत. त्यांनी भाग सहा उघडला आणि मध्येच एका जागी बोट ठेवलं. "इकडे या. ही सोमारी मला म्हणाली, काय वाचता? म्हणून मी तिला गोष्ट सांगत होते, पहिल्यापासून. तासभर. शेवटी तांडेल घरी परत येतो, बायको दार उघडत नाही. मग एकदम तो समुद्रावर असतो. सोमारी विचारते, दार उघडलं का? मी काय सांगू? इथली दोन पानं नाहीत. तुमच्या पात्याने गेली."

दानियलभाऊंनी वाकून पाहिलं. खरंच नव्हती. मशीन शॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

"तुम्ही कापायच्या आधी वाचलं होतंत ना?"

"सगळं वाचलं होतं जी."

"मग सांगा."

आणि दानियलभाऊ सांगू लागले. उभ्यानेच. तांडेल दारापाशी बसतो, रात्रभर काही बोलत नाही. सकाळी बायको दार उघडते, त्याच्यापुढे भाताची पेज ठेवते, आणि तो पेज पिऊन होईपर्यंत आत जाऊन त्याचं गाठोडं बांधते. रागाने नाही. त्याला राहवणार नाही हे तिला ठाऊक असतं. दानियलभाऊंना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं; मंडळात ते फक्त प्रश्न विचारायचे. गाडीतली माणसं एकेक करून अंगणात आली. खुर्शीदभाई बोनेटला टेकून ऐकत होते. रस्त्याच्या उजेडाची आठवण त्यांनाही राहिली नाही.

"बरोबर केलं बाईनं," सोमारी म्हणाली. "बसवून ठेवलं असतं तं रोजचं भांडन."

"काऊन? कोन्ही विचारलं काय त्याले, जाचं हाय का म्हनून?" इजिकेलभाऊ म्हणाले. भाग चारच्या बाहेरचं हे त्यांचं पहिलं मत. त्यावर माझी आई बोलली, मग सोमारी पुन्हा, आणि पंधरा मिनिटं जे भांडण झालं ते भद्रावतीच्या खोलीत दहा वर्षांत झालं नव्हतं.

निघताना मोजणी झाली. या वेळी बाई दानियलभाऊंच्या शेजारी उभ्या राहिल्या. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले, आणि वीसपैकी एकही शब्द घाईत टाकला नाही. शेवटून दुसरा बाईंना दिला, शेवटचा स्वतःला.

परतताना बाई पहिल्या खिडकीत डोळे मिटून बसल्या. आम्हाला वाटलं, झोपल्या. तुकूमला त्यांच्या फाटकापाशी गाडी थांबली, तेव्हा आठ वाजले होते. दानियलभाऊंनी पिशवी उतरवून दिली आणि कसंबसं म्हणाले, "बाई, त्या हॉलचं मी आता विचारत नाई."

"विचारू नकाच. मी सांगते." बाईंनी फाटकाची कडी काढली. "मार्चपासून या. पुस्तक फाडायचं नाही. एक प्रत, आणि तुम्ही मोठ्याने वाचायचं, आज सांगितलंत तसं. बाकीच्यांनी ऐकायचं."

"मी? मले वाचून दाखवता येत नाई जी. माझे उच्चार..."

"उच्चार वाईटच आहेत. ते मी बघते."

"आनि सिनेमा?" इजिकेलभाऊंनी गाडीतून मान बाहेर काढली.

"सिनेमा शेवटपर्यंत बघणार असाल तर," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अवनेर ठाण्याहून बापाला न्यायला आला. क्वार्टरमध्ये सामान बांधलेलं होतं, तेवढं पाहून त्याला बरं वाटलं. मग त्याला कळलं, की ते तुकूमला चाललंय, बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका शिंप्याच्या माडीवर. तो चिडला. संध्याकाळपर्यंत बापलेकांचं चाललं होतं. "इथे कोण आहे तुमचं?" असं त्याने तीनदा विचारलं. दानियलभाऊंनी तिन्ही वेळा त्याला एकेक ट्रंक उचलायला दिली.

रविवारी अवनेर थांबला, गाडी संध्याकाळची होती म्हणून. बाईंच्या हॉलमध्ये सतरंजी, भिंतीला खुर्च्या, मधोमध एक स्टूल. अवनेरमुळे आम्ही एकवीस झालो, आणि दोनदा म्हटलेली ओळ अपुरी पडली. दानियलभाऊ क्षणभर अडले. मग त्यांनी ओळ तिसऱ्यांदा सुरू केली आणि तिचा पहिला शब्द मुलाच्या तोंडाकडे नीट बघून म्हटला.

प्रार्थना झाली. दानियलभाऊ स्टुलावर बसले, नवीन पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुन्हा."

त्यांनी पुन्हा वाचलं.